आत्ताचा आवाज

३ तारीख, सोमवार

हेडफोन उलटा घातला होता. बोलायचा दांडा मानेकडे गेलेला, आणि मी पडद्यावरच्या आजोबांना पाच मिनिटं विचारतेय की खोकला किती दिवसांचा, आणि आजोबा नुसते हात हलवतायत. शेवटी एक जाडगेला माणूस आत आला. न विचारता त्याने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढला, फिरवला, परत घातला. म्हणाला, आता बोला बाई, मघापासून भिंतीला तपासताय. आजोबा पलीकडे तोंड भरून हसले. दात नव्हते. खोकला तीन आठवड्यांचा निघाला.

अशी नोकरीला सुरुवात झाली.

जाडगेल्या माणसाला इथे सगळे ‘नेटवर्क’ म्हणतात. यंत्रं, तारा, पडदे सगळं त्याच्याकडे. कुणी काही विचारलं की आधी ‘नेटवर्क बघतो’ म्हणतो, त्यावरून ते नाव पडलं. पन्नाशीचा आहे. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल.

खोली रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. पूर्वी इथे गाद्या ठेवायचे, अजून कापसाचा वास येतो. टेबल, पडदा, चाकांची खुर्ची, माझ्या पाठीमागे निळं कापड. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. माणसं चढतात, उतरतात. बरं वाटतं.

पडद्याच्या पलीकडे चार तासांच्या रस्त्यावर डोंगरातलं उपकेंद्र आहे. तिथे सिस्टर असते. एक स्टूल, एक खाट, भिंतीला खिळा. खिळ्याला टांगलेला स्टेथोस्कोप साधा नाही, त्यातला आवाज तारेतून माझ्या कानात येतो. सिस्टर तो पेशंटच्या छातीवर ठेवते आणि ‘लावलं’ म्हणते. मी ‘ऐकतेय’ म्हणायचं. त्याशिवाय तिने हात हलवायचा नाही, असा इथला नेम आहे.

नेटवर्कने पडद्याचा कोपरा दाखवला. तिथे मुगाएवढा ठिपका असतो. हिरवा असला तर येतोय तो आत्ताचा आवाज. पिवळा असला तर लाइन तुटलेली आहे आणि यंत्र आधीचा साठवलेला आवाज वाजवतंय. मी विचारलं, आधीचा म्हणजे कुणाचा? तो म्हणाला, शेवटचा जो पूर्ण आला असेल त्याचा. काहीच नाही ऐकू आलं तर डॉक्टर लोक घाबरतात, म्हणून बनवणाऱ्यांनी तशी सोय केली आहे. मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांत हात ठेवलेली छाती कुणाची आहे हे मला कधी बघावं लागलं नाही. तो म्हणाला, आता बघा.

मुलीचा फोन आला. मी माझा दवाखाना बंद केल्यापासून ती माझ्याशी जरा जपून बोलते. बोटं आखडल्यावर पोट तपासणं जमेना, नाडी नीट लागेना. हे काम तिनेच शोधलं. म्हणाली होती, आई, इथे हात लागतच नाहीत. आज तिला हेडफोनची गोष्ट सांगितली. खूप हसली.

५ तारीख, बुधवार

हात बसतोय. आज एकवीस पेशंट.

सिस्टर माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण पेशंटवर अशी ओरडते की सगळ्यांची सासू शोभावी. गोळ्या अर्धवट सोडणाऱ्या एका बाईला म्हणाली, तुमचं तुम्हीच बघा मग, आम्ही पडदा लावून सिनेमा बघतो. बाई गुमान बसली.

अडचणी लिहून ठेवते. जिभेचा रंग कळत नाही, पडद्यावर सगळ्यांच्याच जिभा जांभळ्या. सूज दाबून बघता येत नाही, सिस्टर दाबते आणि सांगते. वास येत नाही. आपण किती रोग नाकाने ओळखायचो ते आज कळलं. माणूस आत येताना कसा चालतो तेही दिसत नाही, तो थेट स्टुलावर उगवतो.

हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढायचं तिथलं यंत्र दुरुस्तीला गेलंय. दोन महिने झाले. तोवर स्टेथोस्कोपवर भागवायचं.

७ तारीख, शुक्रवार

पावणेबाराला एक शाळकरी मुलगी आली. बारा वर्षांची. धावण्याच्या स्पर्धेसाठी दाखला हवा होता. सिस्टर म्हणाली, लावलं. मी म्हटलं, ऐकतेय. काय सुंदर हृदय. घड्याळजी लोकांनी येऊन ऐकावं असं. मुलगी मधेच हसली, तर ठोकेही हसल्यासारखे उड्या मारून गेले.

तिच्यानंतर एक सुतार. एक्केचाळीस वर्षं, कानावर पेन्सिल. ती काढायची राहिली म्हणून सिस्टरने टोकलं. तर म्हणाला, ही काढली की मला मोजता येत नाही, विचारा डॉक्टरबाईंना, त्यांनाही गळ्यातलं काढलं की सुचत नसेल. बायको शेजारी उभी होती. तिने पदराआड हसून घेतलं. चढ चढताना त्याला अंधारी येते, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. बायकोला वाटतं, नुसती कामाची टाळाटाळ.

लाइन आज खराब होती. त्याचा चेहरा मधूनमधून चौकोनांचा होत होता. सिस्टरने लावलं, मी ऐकलं. स्वच्छ, भरभर, ठणठणीत. मी म्हटलं, अहो, तुमचं हृदय शाळकरी मुलीसारखं आहे. बायको म्हणाली, ऐकलंत? तो लाजला. पित्ताच्या गोळ्या दिल्या. बाहेर सोळा जण थांबले होते, मी हेडफोन काढून पाणी प्यायले आणि पुढचा नंबर घेतला.

नोंद: हृदय स्वाभाविक. काम करण्यास हरकत नाही.

११ तारीख, मंगळवार

सुतार गेला.

सिस्टरने सकाळीच सांगितलं. काल एक कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवत होता. दुसऱ्या वळणावर खाली बसला, पेन्सिल कानामागून काढून खिशात ठेवली, आणि आडवा झाला. कपाट दुसऱ्या माणसाने पेललं म्हणून त्याच्या अंगावर पडलं नाही. मग सिस्टर म्हणाली, मॅडम, त्या दिवशी माझ्या साध्या स्टेथोस्कोपने मला काहीतरी वेगळं वाटलं होतं. पण तुम्ही स्वच्छ म्हणालात.

मी म्हटलं, असं अचानक होतं कधी कधी.

दिवसभर काम केलं. सतरा पेशंट.

१२ तारीख, बुधवार

आठ वाजताच आले. खोलीत कुणी नव्हतं. सुताराची नोंद उघडली.

त्याच्या नावावर दोन आवाज साठवलेले आहेत.

पहिला ११:५२. तो लावला. भरभर, स्वच्छ. मधे ठोके उड्या मारतात. मुलगी हसली होती तिथेच. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: साठवलेला.

दुसरा ११:५४. वीस सेकंदांचा. लाइन परत आली होती, सिस्टरने हात काढला नव्हता, मी हेडफोन काढून पाणी पीत होते. तो लावला.

ओल्या लाकडावर करवत. प्रत्येक ठोक्याला एकदा पुढे, खरखरीत, जोर लावून. वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षातल्या पोरालाही चुकला नसता. झडप चिंचोळी. ऑपरेशन झालं असतं. अशी माणसं ऑपरेशननंतर वीस वर्षं जगतात.

ठिपका पिवळा होता. मी पाहिला नाही.

डॉक्टरांना नको असलेला आवाज पुसता येतो. आधी पहिला पुसला, मग दुसरा. यंत्राने विचारलं, नक्की पुसायचं? हो म्हटलं. दोन्ही वेळा.

हे लिहायला नको होतं. पण कुठे तरी—

मुलीचा फोन आला. काम छान चाललंय म्हणाले.

१३ तारीख, गुरुवार

सुताराची बायको केंद्रात आली. सिस्टर तिला नको म्हणत होती, तरी ती येऊन स्टुलावर बसली. नवरा बसला होता त्याच स्टुलावर.

ती रडली नाही. म्हणाली, एकच विचारायचंय. कपाटाचं काम ते नको म्हणत होते, छाती भरून येते म्हणत होते. मीच टोमणा मारला. शाळकरी पोरीचं काळीज आहे म्हणे तुमचं, डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आणि दुखणं घेऊन काय बसलात. तर डॉक्टरबाई, त्यांचं काळीज खरंच ठीक होतं ना? ठीक असेल तर मीच मारलं त्यांना. जास्तीचं वजन मी उचलायला लावलं. सासूबाई तेच म्हणतात, पोरंही बोलत नाहीत माझ्याशी. एकदा खरं काय ते सांगा, म्हणजे मी ते पदरात घेऊन जगेन.

सिस्टर माझ्याकडे बघत होती. म्हणजे कॅमेऱ्याकडे.

मी म्हटलं, हो, ठीक होतं.

बायकोने मान हलवली. बरं, म्हणाली. स्टूल जागेवर सरकवून ठेवलं आणि गेली.

१४ तारीख, शुक्रवार

पहिला पेशंट, मिठाचं प्रमाण सांभाळणारे निवृत्त मास्तर. त्यांचं हृदय मी आठवड्यात दोनदा ऐकलंय. सिस्टर म्हणाली, लावलं.

करवत.

हेडफोन काढला. परत घातला. करवत. ठिपका बघितला. हिरवा.

मिनिटाला बहात्तर ठोके. सिस्टरला मनगट धरून मोजायला सांगितलं. ती म्हणाली, नव्वद. पुन्हा मोज म्हटलं. नव्वद.

दुसरी पेशंट, सात महिन्यांची गरोदर बाई. तोच आवाज. बहात्तर. ठिपका हिरवा. तिसरा, चौथा, पाचवा, तेच.

जेवायच्या सुट्टीत नेटवर्कला बोलावलं. तो पेन्सिल चावत तारा बघत बसला. मी त्याला पेन्सिल तोंडातून काढ म्हणून ओरडले. तो चकित झाला. सगळं तपासून म्हणाला, लाइन चोख आहे, ठिपका हिरवा आहे, म्हणजे आत्ताचाच आवाज. मी विचारलं, पुसलेला आवाज परत येऊ शकतो का? तो म्हणाला, पुसलेला गेला बाई, यंत्र आणणार कुठून. मग माझ्याकडे बघून, काय पुसलंत?

काही नाही म्हटलं.

१७ तारीख, सोमवार

शनिवार-रविवार झोपून काढला. थकवा असेल असं ठरवून आज आले.

चौसष्ट.

सगळ्यांच्या छातीत चौसष्ट. मास्तरांच्या, तान्ह्या बाळाच्या. बाळाचे ठोके चौसष्ट असूच शकत नाहीत. बाळ पाय झाडत होतं, गुलाबी होतं, आणि माझ्या कानात त्याच्या छातीतून एक मोठा माणूस लाकूड कापत होता.

सहा जणांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. दुसरं काय करणार. ऐकू येतं ते खोटं असेल तर खरं मला कळत नाही. खरं असेल तर—

समोरच्या जिन्यावर दोन माणसं कपाट चढवत होती. खिडकीला कापड लावलं.

१८ तारीख, मंगळवार

अठ्ठावन्न.

सहाही जण परत आले. सगळे ठणठणीत. व्यवस्थापक खोलीत येऊन बसले. गोड बोलले. म्हणाले, नवीन डॉक्टरांचं होतं असं, यंत्रावर विश्वास बसत नाही, सगळ्यांनाच पुढे ढकलतात. पण लोक चार-चार तास गाडी करून जातात आणि शिव्या आम्हाला देतात. आठवडाभर बघू.

जाताना म्हणाले की सुताराचं प्रकरण माझ्या नोंदीमुळे निभावलं. हृदय स्वाभाविक, स्वच्छ लिहिलेलं होतं. आपल्यावर काही नाही.

धावणारी मुलगी आली दुपारी. ताप होता. मी नको म्हणेपर्यंत सिस्टरने स्टेथोस्कोप लावला. मुलगी हसली.

ठोके हसले नाहीत. एकसारखे. पुढे, पुढे, पुढे.

१९ तारीख, बुधवार

पन्नास.

मी मोजतेय तो आकडा रोज उतरतोय. कुठे उतरतोय तेही कळतंय.

सिस्टरला म्हटलं, आज स्टेथोस्कोप कुणालाच लावू नकोस, खिळ्याला राहू दे. ती म्हणाली, बरं मॅडम. पेशंट आला, बसला, बोलायला लागला. सिस्टरचे दोन्ही हात टेबलावर. स्टेथोस्कोप खिळ्याला. मला दिसत होता. भिंतीला टेकलेला.

आवाज आला.

ठिपका हिरवा.

सिस्टरने विचारलं की मी का रडतेय. तिला सगळं सांगावं असं अगदी तोंडावर आलं. मग सुताराच्या बायकोचा चेहरा आठवला, आणि माझ्या मुलीचा. परवाना जाईल. अठ्ठावीस वर्षं. लोक म्हणतील, म्हातारीला ठिपका दिसला नाही.

सिस्टर म्हणाली, सुताराची बायको जेवत नाही. अंगणात त्याच्या हत्यारांपाशी बसून असते. कुणी उठवायला गेलं की म्हणते, मीच पाठवलं.

२० तारीख, गुरुवार

कामावर गेले नाही. आजारी म्हणून कळवलं. राहत्या खोलीवर बसले. इथे हेडफोन नाही, तार नाही, पडदा नाही.

माझा जुना स्टेथोस्कोप बॅगेत होता. रबर कडक झालंय. कशासाठी काढला सांगता येत नाही. छातीवर ठेवला. माझ्या.

एक्केचाळीस.

करवत.

दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आखडलेल्या बोटांनाही लागत होतं. धडधड, शंभराच्या वर. आणि कानात एक्केचाळीस. दमलेलं. पात्याला धार राहिली नसल्यासारखं.

स्टेथोस्कोप काढला. बॅगेत ठेवला. बॅग बंद केली.

अजून ऐकू येतंय.

दुपारी मुलीला फोन केला. तिने विचारलं, आई, तिकडे कुणी लाकूड कापतंय का?

फोन ठेवला.

२१ तारीख, शुक्रवार

गेले. बाहेरचं काहीच ऐकू येत नव्हतं, लोकांचे नुसते ओठ हलत होते. पेशंट घेतले नाहीत. सिस्टरला म्हटलं, सगळ्यांना परत पाठव.

पाच वाजता ती केंद्र बंद करून गेली. कुलूप लावलं. जोडणी मी तोडलेली नाही. पडद्यावर खोली दिसतेय. स्टूल रिकामं. खिळ्याला स्टेथोस्कोप.

ठिपका हिरवा.

तीस.

सुताराची नोंद उघडलीय. खाली दुरुस्तीचा रकाना असतो. तो भरतेय. इथेही उतरवते, म्हणजे—

‘मी या रुग्णाचं हृदय ऐकलं नाही. त्याच्या आधीच्या मुलीचं ऐकलं. ठिपका पिवळा होता, मी पाहिला नाही. त्याचा खरा आवाज नंतर ऐकला आणि पुसला. त्याच्या हृदयाची झडप चिंचोळी होती. हे मला कळायला हवं होतं. त्याला कपाट उचलायला बायकोने लावलं नाही. मी लावलं. तिला हे सांगावं.’

लिहून झालं. पाठवायचं राहिलंय.

चोवीस

खोलीत भुशाचा वास येतोय. ताज्या. कापसाचा नाही

मुलीला काय सांगू

वीस

खिळा रिकामा आहे. आत्ता होता. आत्ता

स्टुलाजवळ काही— नाही. स्टूल. फक्त स्टेथोस्कोपची तबकडी. हवेत, छातीच्या उंचीवर

कुणीतरी म्हणालं, लावलं

सिस्टर नाही. पुरुषाचा आवाज. शांत

मी ऐकतेय म्हणाले. म्हणावंच लागतं

बारा

बाण ‘पाठवा’वर आहे. बोट दाबत नाहीये. दोन्ही हातांनी

सहा

आता पुढचा ठोका येईपर्यंत

२२ तारीख, शनिवार

वही बाईंची आहे. हे मी लिहितोय, मला इथे नेटवर्क म्हणतात.

सकाळी साडेआठला खोली उघडली. बाई खुर्चीत होत्या, हेडफोन कानात, दोन्ही हात माऊसवर. अंग गार होतं. खालून डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी येऊन बघितलं आणि मान हलवली. पडदा चालू होता. नोंदीत दुरुस्ती लिहिलेली होती, पाठवलेली नव्हती. ठिपका हिरवा होता. मी हेडफोन काढून कानाला लावला, काही ऐकू आलं नाही.

पावणेनऊला सिस्टरने केंद्राचं कुलूप काढलं. स्टेथोस्कोप स्टुलावर होता. ती म्हणाली, काल खिळ्याला लावून गेले होते. हातात घेतल्यावर म्हणाली, तबकडी कोमट आहे.

व्यवस्थापक म्हणाले, दुरुस्ती राहू दे, बाई आता नाहीत, कशाला. ते खाली गेल्यावर मी ‘पाठवा’ दाबलं. यंत्राने विचारलं, नक्की? हो म्हटलं.

बाईंच्या मुलीला फोन मी केला.

सिस्टरने त्या दुरुस्तीचा कागद छापून घेतला. दहा वाजता ती केंद्र बंद करून सुताराच्या घरी गेली. बायको अंगणात बसली होती. सिस्टरने तिला तो दोनदा वाचून दाखवला.